रिकाम्या चौकोनातलं निरंक

पाण्याच्या प्रयोगशाळेत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. साहेबांपासून बाटल्या धुणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, निरंककाका. कुणी पाहुणा खरं नाव घेऊन चौकशी करू लागला तर दारावरचा पहारेकरी बिनदिक्कत सांगे, असं इथे कुणी नाही. काकाही हसत. लग्न केलं नव्हतं, घरात दुसरं माणूस नव्हतं, डोक्यावरचे केस पन्नाशीच्या आतच निरोप घेऊन गेले होते. तेव्हा हे नाव आपल्याला सगळ्या बाजूंनी शोभतं, असं ते स्वतःच सांगत.

नाव पडलं ते मात्र कामावरून. शहरातल्या ठरलेल्या नळांचं पाणी बाटल्यांत भरून रोज प्रयोगशाळेत यायचं, प्रत्येक वस्तीचा वार ठरलेला. जुन्या काळी एक लांबलचक वही होती. एका नळाला एक ओळ, एका तपासणीला एक चौकोन. जंतू किती, क्षार किती, शिसं किती, असे चौकोन भरत जायचे. तपासून काहीच सापडलं नाही तर शून्य लिहायचं नाही, कारण शून्याच्या मागे कुणीही एखादा आकडा चिकटवू शकतो. तिथे अक्षरात लिहायचं, निरंक. आणि तपासणी राहिली असेल तर चौकोन रिकामा सोडायचा. रिकामा चौकोन म्हणजे, बाबांनो, हे राहिलंय, करायचंय. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तो तिथल्या माणसांच्या अंगवळणी पडलेला होता, आणि अंगवळणी पडलेल्या गोष्टी नव्या माणसाला सांगायचं कुणाला सुचत नाही.

काका तिथे लागले ते नमुने उतरवून घ्यायला. गाडीतून बर्फाचे डबे काढायचे, बाटल्यांवर क्रमांक चिकटवायचे, वहीत ओळ पाडायची. मग प्रयोगशाळेत संगणक आला. आला म्हणजे काय, वर्षभर कोपऱ्यात फडकं पांघरून बसून राहिला. त्याला हात लावायची कुणाची छाती होईना. काकांनी एक जाडजूड पुस्तक पैदा केलं आणि जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हाताने खात, संगणकाला काम सांगायची एक भाषा शिकून घेतली. चार ओळी लिहाव्यात आणि त्या लगेच चालाव्यात, अशी सुटसुटीत भाषा होती ती. पस्तिशी उलटलेल्या, कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या माणसाला ती आली. त्यांना ती मनापासून आवडली, हे जास्त महत्त्वाचं.

त्या भाषेत काकांनी तक्ता लिहिला. दिवसभराचे आकडे त्यात भरले की संध्याकाळी प्रत्येक वस्तीचा स्वच्छ छापील कागद बाहेर पडे. शेकडो चौकोनांत निरंक, निरंक असं टंकून बोटं झिजायची, म्हणून त्यांनी एक सोय केली. तपासणाऱ्याने नुसतं शून्य भरायचं. चौकोनातली किंमत शून्य आहे का ते तक्ता बघेल आणि तिथे निरंक छापेल. पहिला कागद बाहेर आला तेव्हा सगळे टेबलाभोवती जमले होते. साहेब म्हणाले, "वा! आता हेच आपले निरंक." त्या दिवसापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

एकच त्रास होता. दिवसाचे चौकोन पुरते भरायच्या आधी तक्ता चालवून बघितला की पडद्यावर पिवळ्या अक्षरांत इशारे यायचे. अमुक ओळीत रिकामी किंमत आकडा म्हणून वापरली आहे, ती शून्य धरली आहे. एक इशारा, दुसरा, दहावा. संध्याकाळी चौकोन भरले की कागद तर बरोबर छापला जात होता. साहेब मागे उभे राहून विचारत, "हे काय सारखं कुरकुरतंय?" एकदा वैतागून काकांनी इशारे गप्प करायची ओळ टाकली. त्या ओळीपुढे, लिहिणाऱ्याने स्वतःसाठी टिपण ठेवायची सोय असते, तिथे त्यांनी तारीख घातली आणि लिहिलं, "कटकट बंद." त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

काकांचा एक छंद होता. लोक सकाळी वर्तमानपत्रात राशिभविष्य वाचतात, तसे काका महिन्यातून एकदा त्या भाषेतल्या बदलांची यादी वाचत. ती भाषा कुणा कंपनीची नव्हती. जगभरातली काही माणसं आपापले उद्योग सांभाळून ती घडवत होती, आणि दर महिन्याला तिची एक नवी आवृत्ती बाहेर काढत होती. आवृत्तीच्या क्रमांकातला मधला आकडा विषम असला तर ती घडणीतली, कच्ची, आपल्या जबाबदारीवर वापरा. सम असला तर पक्की. वर्षभर विषम आवृत्त्या निघत, लोक त्या चालवून बघत, काय मोडतंय ते कळवत, आणि मग एक सम आवृत्ती येई. काकांनी एक जुना संगणक खास कच्च्या आवृत्त्यांसाठी राखून ठेवला होता. नवी आवृत्ती आली की तिच्यावर तक्ता चालवायचा, सगळ्या जुन्या नोंदी पहिल्यापासून पुन्हा छापून घ्यायच्या, आणि जुन्या कागदांशी ताडून बघायच्या. अक्षराचाही फरक पडला नाही की एका छोट्या वहीत आवृत्तीचा क्रमांक लिहून पुढे लिहायचं, फरक निरंक. अशा शंभरावर ओळी त्या वहीत होत्या.

एकदा त्यांनी एक बारीकशी चूक शोधून त्या माणसांना कळवली होती. पुढच्या यादीच्या तळाशी, हातभार लावणाऱ्यांच्या दाटीवाटीत, काकांचं खरं नाव आलं होतं. तो कागद छापून त्यांनी ताईला नेऊन दिला. ताई म्हणाली, "मला यातलं ओ का ठो कळत नाही. पण तुझं नाव छापून आलंय ना? ठेवते." आणि तिने तो आपल्या कपाटात, घरातल्या महत्त्वाच्या कागदांच्या पिशवीत ठेवला.

ताई त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली आणि ताईनेच त्यांना लहानाचं मोठं केलं. खालच्या वसाहतीत, उतारावरच्या जुन्या चाळवजा इमारतीत, ती मुलगा, सून आणि नातीबरोबर राहायची. मुलगा-सून सकाळी कामावर जायचे ते संध्याकाळी उगवायचे. नात दिवसभर ताईपाशी. तिला सगळे चिमणी म्हणत. काका तिचे मामाआजोबा, पण एवढा मोठा शब्द तिच्या जिभेला पेलत नसे. ती नुसतं "मा" म्हणायची.

शब्दच तिला कमी होते. सहा वर्षांची झाली तरी मोजून पंधरा-वीस. सांगितलेलं कधी कळे, कधी डोळे लावून नुसती बघत राही. तीन वर्षांची असताना ताईने तिला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. डॉक्टरीणबाई पद्धतशीर माणूस. त्यांनी कारणांची यादीच काढली. कान तपासले, घराच्या भिंतींचा रंग विचारला, खेळणी विचारली. मग विचारलं, "इमारत जुनी आहे म्हणता, नळाचं पाणी कसं आहे? जुन्या पाइपांतून शिसं उतरतं कधीकधी, ते मुलांच्या मेंदूला बाधतं."

ताईने अभिमानाने सांगितलं, "माझा भाऊ पाण्याच्याच ऑफिसात आहे."

काकांनी दुसऱ्याच दिवशी खालच्या वसाहतीचा कागद नेऊन दाखवला. शिसे, निरंक. मागच्या महिन्याचाही, त्याच्या मागच्याही. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, यादीतल्या 'पाणी' या शब्दावर आडवी रेघ मारली, आणि पुढच्या कारणाकडे वळल्या. एक गोष्ट तरी निकालात निघाली म्हणून ताईचा जीव भांड्यात पडला. त्या कागदाची एक प्रत तिने पिशवीत घातली, भावाच्या नावाच्या कागदाला लागूनच.

हे सगळं आधी सांगायला हवं होतं, कारण या महिन्यात जी विषम आवृत्ती आली तिच्या यादीत बेचाळीस मुद्दे होते. त्यातला एकतिसावा काकांनी तीनदा वाचला.

रिकामी किंमत यापुढे आकडा म्हणून वापरता येणार नाही. आजवर ती शून्य धरली जाई आणि फक्त इशारा दिला जाई. आता काम त्या ओळीवरच थांबेल. खाली कारणही दिलं होतं. ठाऊक नसणं आणि शून्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींची गल्लत केल्याने लोकांची नुकसानं झाली आहेत. त्याखाली, अडलेल्यांसाठी, जुनं वागणं तसंच ठेवायचं असेल तर फाईलच्या डोक्यावर अमुक ओळ लिहावी.

काकांना पहिल्यांदा काही वाटलं नाही. दोन-चार ओळी बदलाव्या लागतील, बस. त्यांनी जुन्या संगणकावर ती आवृत्ती चढवली आणि तक्ता सुरू केला. पहिली काही वर्षं भराभर छापून झाली. मग पडदा थांबला. खालची वसाहत, गुरुवार, शिसे. रिकामी किंमत.

त्यांनी तेवढी नोंद वगळून पुढे जायला सांगितलं. तक्ता दोन पावलं चालला आणि पुन्हा थांबला. खालची वसाहत, पुढचा गुरुवार, शिसे. तेव्हा काकांनी तक्त्याला सांगितलं, थांबू नकोस, जिथे जिथे रिकामं सापडेल तिथली नुसती यादी दे. पडदा खालपासून वरपर्यंत भरत गेला. बाराशे सहा चौकोन. इकडचे-तिकडचे काही सोडले तर सगळे खालच्या वसाहतीतल्या चार नळांचे, सगळे गुरुवारचे, सगळे शिशाचे. सलग सहा वर्षं. आणि त्या नळांचं पाणी गुरुवारीच तेवढं येत असे.

काकांनी यादी छापून घेतली. ते उठून शिशाच्या मशीनपाशी गेले. मशीनवर काम करणाऱ्या बाईंना तिथे सगळे मशीनबाई म्हणत. त्या नळकांड्या पुसत बसल्या होत्या.

"बाई, गुरुवारी शिशाचं काय करता?"

"गुरुवारी मशीन बंद. साफसफाई, जुळवाजुळव. पहिल्यापासून आहे की हे."

"मग गुरुवारच्या बाटल्या?"

"त्या शुक्रवारी लावायचे जुने मदतनीस. ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मला एकटीला शुक्रवारचंच उरकत नाही. मी साहेबांना दोनदा लिहून दिलंय." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "का हो? मी चौकोन रिकामा सोडते ना? कधी खोटा आकडा भरला नाही मी."

"नाही भरला," काका म्हणाले.

"मग कागदावर रिकामंच जात असेल ना?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. मशीनबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सहा वर्षांत एकदाही छापलेला कागद बघितला नव्हता. बघायचं कारणच नव्हतं. कागद संध्याकाळी छापून, पाकिटात घालून रवाना होत. त्यांच्या लेखी रिकामा चौकोन ओरडून सांगत होता की हे राहिलंय. तो ओरडत होताही. त्याचं तोंड काकांनी बंद केलं होतं.

जागेवर येऊन त्यांनी तक्त्याची फाईल उघडली. वरून नववी ओळ. "कटकट बंद." पुढे आपल्याच हाताने घातलेली तारीख.

साहेब वाईट माणूस नव्हते. थकलेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बाराशे सहाचा आकडा कागदावर लिहिला, त्याभोवती गोल काढला, आणि मग खुर्चीत मागे रेलले.

"निरंक, ही आवृत्ती कच्ची आहे म्हणालात ना तुम्ही? आपल्या चालू मशीनवर ती नाही?"

"नाही. पण पुढच्या वर्षी पक्की येईल."

"आणि जुनं वागणं ठेवायला एक ओळ दिली आहे म्हणता."

"दिली आहे."

"मग टाका ती. आज टाका. पुढच्या गुरुवारपासून आपण त्या बाटल्या इमानदारीने लावू, मी माणूस मागून घेतो. मागचं उकरून काय हाती लागणार आहे? पाणी चांगलंच असेल. शहरातलं बाकी पाणी चांगलंच आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "दोन वर्षं राहिलीत तुमची. तुमच्याच नावावर येईल हो हे."

काका जागेवर आले आणि त्यांनी ती ओळ लिहिली. हे सांगायला हवं. कुणी त्यांना देवमाणूस ठरवायला निघालं तर त्यांना स्वतःलाच ते आवडलं नसतं. त्यांनी ओळ लिहिली, तक्ता पहिल्यापासून चालवला, आणि तो कुठेही न अडता, सगळी वर्षं ओलांडून, आजपर्यंत आला. जुन्या कागदांशी ताडून बघितला. अक्षराचाही फरक नव्हता. सवयीने त्यांनी छोटी वही उघडली, आवृत्तीचा विषम क्रमांक लिहिला, पुढे लिहिलं, फरक.

पुढचा शब्द हाताला लिहवेना. आयुष्यभर हजारो वेळा छापलेला शब्द, ज्याच्या नावाने लोक हाक मारत होते तो शब्द, पेनाच्या टोकापाशी येऊन अडला. त्यांना चिमणीचं "मा" ऐकू आलं आणि डॉक्टरीणबाईंनी मारलेली आडवी रेघ दिसली. त्यांनी पेन खाली ठेवलं, फाईलच्या डोक्यावरची ती ओळ पुसली, आणि नववी ओळही पुसली. मग रोजच्या मशीनवर, जुन्या आवृत्तीत तक्ता चालवला, आणि पिवळे इशारे अकरा वर्षांनी पुन्हा पडद्यावर धावू लागले. काका ते एकेक करून वाचत बसले.

रविवारी नेहमीप्रमाणे ते ताईकडे गेले. पिशवीत प्रयोगशाळेची एक स्वच्छ बाटली होती. पाणी रात्रभर पाइपात साचून राहिलेलं, सकाळी पहिल्यांदा नळ सोडल्यावर येणारं हवं असतं, म्हणून ते मुद्दाम उजाडताच पोचले. ताई दार उघडताना म्हणाली, "आज एवढ्या लवकर? झोप उडाली का म्हातारपणी?"

"नळ सोडला नाहीस ना अजून?"

"आत्ता तर उठतेय. का रे?"

"तुझ्याकडचं पाणी न्यायचंय थोडं. नवीन तपासणी आहे एक."

हे अर्धं खरं होतं. ताई शेजारी उभं राहून बाटली भरताना बघत होती. म्हणाली, "ने की. आमचं पाणी काय, निरंकच." आणि हसली. काकांनी बाटलीचं झाकण लावलं. हात ओले होते, झाकण दोनदा निसटलं.

सोमवारी मशीनबाईंनी सगळी कामं बाजूला ठेवून ती बाटली लावली. आकडा आला. त्यांनी पुन्हा लावली. तोच आला. चालेल म्हणतात त्याच्या चौपट. मशीनबाईंनी आकड्याची पट्टी फाडून काकांच्या हातात दिली आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. काका ती पट्टी घेऊन साहेबांकडे गेले, सोबत बाराशे सहा चौकोनांची यादी, आणि जुने कागद नव्याने छापून. जिथे निरंक होतं तिथे आता तक्ता छापत होता, तपासले नाही. साहेबांनी पट्टी वाचली. मग त्यांनी पेन मागितलं आणि पहिल्या कागदापासून सह्या करायला सुरुवात केली. बुधवारी सकाळी खालच्या वसाहतीत टँकर जाणार, प्रत्येक जिन्यात सूचना लागणार, असं ठरलं.

काकांनी एवढंच मागितलं की मंगळवारी दुपारी सुट्टी द्या. सूचना भिंतीवर वाचायच्या आधी ताईला ते त्यांच्या तोंडून कळायला हवं होतं.

मंगळवारी दुपारी चिमणी जमिनीवर पेन्सिलीचे तुकडे ओळीने मांडत बसली होती. ताईने पाण्याचा पेला आणून समोर ठेवला. काकांनी तो उचलला नाही.

"ताई, हे पाणी पिऊ नका. तूही, पोरीलाही देऊ नकोस. यात शिसं आहे."

ताईने पेल्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "कालपासून?"

"नाही."

"मग कधीपासून?"

"माहीत नाही. सहा वर्षं कुणी तपासलंच नाही."

"अरे, तू कागद दाखवलास ना डॉक्टरांना? निरंक होतं त्यावर."

मग काकांनी सगळं सांगितलं. गुरुवार, रिकामा चौकोन, पिवळे इशारे, आपण टाकलेली ओळ. भाषा, आवृत्ती हे ताईला कळणार नाही अशी सबब काढून त्यांनी ते गाळलं नाही, सोपं करूनही सांगितलं नाही. त्यांचं संपल्यावर ताई म्हणाली, "म्हणजे ते तुला सांगत होतं. आणि तू त्याला गप्प केलंस."

"हो."

"कटकट नको म्हणून."

"हो, ताई."

काकांना वाटलं आता ती ओरडेल, रडेल, निदान घराबाहेर तरी काढेल. त्यांना ते हवंही होतं. ताई उठली, कपाट उघडलं, कागदांची पिशवी काढली. तो तीन वर्षांपूर्वीचा कागद तिने वेगळा केला आणि त्यांच्यासमोर ठेवला. त्याला लागून असलेला दुसरा, त्यांच्या छापील नावाचा, खाली पडला. तो तिने उचलला नाही.

"लिही यावर."

"काय लिहू?"

"जे खरं आहे ते. तपासलं नाही असं लिही. तुझ्या हाताने. आजची तारीख घाल, सही कर. खऱ्या नावाची."

काकांनी निरंकवर रेघ मारली आणि वर लिहिलं. खाली तारीख घातली, खऱ्या नावाची सही केली. ताईने अक्षर वाचून बघितलं, घडी घातली. "उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचं. तू चल. त्यांना मी नाही सांगणार, तू सांगायचंस." आणि चिमणीजवळ बसून, तिची हनुवटी धरून, सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणाली, "पाणी प्यायचं नाही. आधी मामाआजोबांना विचारायचं. कळलं? त्यांना विचारायचं."

इतका वेळ कोरडे राहिलेले काकांचे डोळे तेव्हा भरून आले. तिने विचारायचं कुणाला, तर अजून त्यांनाच.

डॉक्टरीणबाईंनी जुनी फाईल काढली. यादी तशीच होती, पाणी या शब्दावरची रेघही तशीच. काकांनी उभ्यानेच सांगितलं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी कागद उजेडात धरून वाचला.

"ही सही तुमची?"

"माझीच."

"तिचं रक्त तपासावं लागेल. आज देते लिहून." त्या लिहीत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "हे सगळं पाण्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. तसं कुणालाच सांगता यायचं नाही. पण तीन वर्षांपूर्वी हे रिकामं आहे एवढं जरी मला कळलं असतं ना, तरी मी तेव्हाच रक्त बघितलं असतं." त्यांनी जुन्या रेघेच्या शेजारी पुन्हा नव्याने लिहिलं, पाणी.

ताई उठली. ती रक्त द्यायच्या खोलीत चिमणीला घेऊन गेली, आतून थोडं रडणं ऐकू आलं, आणि मग दोघी बाहेर आल्या. चिमणीच्या कोपरावर कापसाचा बोळा चिकटवलेला होता. ताई कागदावर शिक्का घ्यायला खिडकीपाशी रांगेत उभी राहिली.

दवाखान्याच्या भिंतीला पिण्याच्या पाण्याचा नळ होता, बाजूला कागदी पेल्यांची चळत. चिमणीने एक पेला काढला, नळाखाली धरला, भरला. ओठांपर्यंत नेला. मग थांबली. आत्ता कुणी तिला काही सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच आठवलं. भरलेला पेला दोन्ही हातांनी सांभाळत, थोडं थोडं सांडत, ती काकांपर्यंत आली आणि पेला वर करून उभी राहिली.

"मा," ती म्हणाली. "पाणी?"

नळ नवा दिसत होता. इमारतही नवी होती. पाणी बहुतेक चांगलंच असणार. काका तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"माहीत नाही, बाळा," ते म्हणाले. "मी तपासलेलं नाही."

तिने मान हलवली आणि पेला त्यांच्या हातात दिला. काकांनी मशीनबाईंकडून तपासून घेतलेल्या पाण्याची, घरून आणलेली बाटली पिशवीतून काढली आणि तिला त्यातलं पाणी पाजलं.